दहिवराची रात्र आणि उबदार हवेतली बाग

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे थंडी नावापुरतीच. पण गेल्या वर्षी दोन रात्री पारा शून्याखाली उतरला आणि यंदाही तसाच अंदाज आहे. गेल्या वेळी प्लास्टिकनं झाकूनसुद्धा जास्वंद आणि पपई गेली, बोगनवेल करपली, लिंबाची पानं वाळली. झाडांवर पाणी मारावं का? धूर करावा का? कुंड्या किती दिवस आत ठेवाव्यात? आणि करपलेलं लगेच छाटावं का?"

प्लास्टिकनं झाकूनही झाड गेलं, इथूनच सुरुवात करतो, कारण ही चूक मीही केलेली आहे. नवखा होतो तेव्हा एका जास्वंदीच्या फांद्या गोळा करून त्यांची मोळी बांधली, वरून प्लास्टिक घातलं आणि खाली बुंध्याशी सुतळीनं घट्ट आवळलं. सकाळी सोडून बघतो तर आतली पानं काळपट आणि लिबलिबीत. प्लास्टिक जिथं जिथं पानाला टेकलं होतं तिथं तर उकडलेल्या पालकासारखे डाग. तिथून चार पावलांवर छपराच्या वळचणीखाली दुसरी जास्वंद होती. तिच्यावर काहीच घातलं नव्हतं आणि ती ठणठणीत होती.

याचा उलगडा व्हायला मला बरीच वर्षं लागली. आपण गोधडी घेतो तेव्हा आतली ऊब आपल्या अंगाची असते. झाडाच्या अंगाला तशी ऊब नसते. रात्री बागेत जी काही ऊब असते ती जमिनीत असते, दिवसभराच्या उन्हानं साठवलेली. सूर्य मावळला की माती ती हळूहळू सोडायला लागते आणि आकाश निरभ्र असेल तर ती थेट वर निघून जाते. पांघरुणाचं काम एवढंच, की ही ऊब वाटेत अडवायची आणि झाडाभोवती कोंडून ठेवायची. मी बुंध्याशी सुतळी आवळली तेव्हा झाडाला मातीपासूनच तोडून टाकलं होतं. तुमचंही बहुधा तेच झालं असावं.

म्हणून पहिला नियम. पांघरूण झाडावरून सरळ खाली सोडायचं, तंबूसारखं, आणि त्याच्या कडा जमिनीला टेकवून वर विटा, दगड किंवा माती ठेवायची. तंबूचा घेर जितका मोठा तितकी जास्त जमीन आत येते आणि तितकी ऊब जास्त. आत तीन-चार बांबू रोवले तर कापड पानांना टेकत नाही. कापडाला टेकलेलं पान आपली ऊब कापडाला देऊन बसतं आणि कापड ती आकाशाला देतं.

कापड कोणतं? जुन्या चादरी, रजया, गोणपाट, शेतीसाठी मिळणारं पांढरं न विणलेलं कापड, काहीही चालेल. पातळ कापडानं १ ते २ अंशांचा फरक पडतो, जाड किंवा दुहेरी घातलं तर फार तर ३ ते ४ अंशांचा. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. प्लास्टिक मला आवडत नाही. साधं पातळ प्लास्टिक मातीतून निघणारी उष्णता बरीचशी आरपार जाऊ देतं, वर आतून पाणी धरतं आणि पानाला चिकटतं. पाऊस किंवा वारा असेल तर कापडाच्या वर दुसरा थर म्हणून घाला, कारण ओलं झालेलं कापड जड होऊन फांद्या मोडतं. आणि सकाळी ऊन आल्याबरोबर ते आधी काढा. उन्हात प्लास्टिकच्या आत तासाभरात भट्टी होते. रात्री थंडीतून वाचलेली टोमॅटोची रोपं दुसऱ्या दिवशी दहा वाजता उकडून मेलेली मी पाहिली आहेत.

आता ती वळचणीखालची जास्वंद का वाचली? तिच्या डोक्यावर आकाश नव्हतं म्हणून. दहिवराच्या रात्री, म्हणजे पानांवर बर्फाचा पांढरा थर धरतो अशा रात्री, पान सगळ्यात जास्त ऊब गमावतं ते थेट आकाशाला. म्हणूनच हवा २-३ अंशांवर असतानाही उघड्यावरच्या पानाचं तापमान शून्याखाली जाऊ शकतं. मी नव्या बागेत गेलो की झाडाच्या उंचीला वाकून वर बघतो. आकाश किती दिसतं? निम्मं छपरानं किंवा मोठ्या झाडाच्या पसाऱ्यानं झाकलेलं असेल तर त्या जागेची मला फारशी काळजी नसते. दुपारचं ऊन खाणारी विटांची किंवा दगडी भिंत असेल तर दुहेरी फायदा, ती रात्रभर ऊब परत देत राहते. तुमच्या कुंड्या आत न्यायला जागा नसेल तर अशा भिंतीशी, छपराखाली, एकमेकींना चिकटून ठेवा. कुंडीला सगळ्या बाजूंनी थंडी लागते आणि मुळं ही खोडापेक्षा नाजूक असतात, हे विसरायला होतं. बाहेरच्या रांगेतल्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळलंत तर उत्तम.

याच्या उलट वाईट जागा म्हणजे बागेतला खोलगट भाग. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहते. खाली भरीव कुंपण किंवा भिंत असेल तर तिथं तुंबते. एकाच बागेत वरच्या कोपऱ्यातलं झाड हिरवं आणि वीस पावलं खालचं करपलेलं, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कुंपणाच्या तळाशी हवेला वाट ठेवली तर फरक पडतो.

अंदाज वाचताना दोन गोष्टी बघा. पहिली, वारा. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला, ही दहिवराची रात्र. वर सांगितलेलं सगळं या रात्रीसाठी आहे. दुसरा प्रकार म्हणजे थंड वाऱ्याची लाट. तेव्हा आभाळ भरलेलंही असू शकतं आणि वारा मातीची ऊब साठूच देत नाही. अशा वेळी नुसत्या पांघरुणाचा उपयोग कमी. उचलता येईल ते उचलून आत घ्या, जमिनीतल्या झाडांना वाऱ्याच्या बाजूनं आडोसा करा आणि मुळं वाचवण्यावर भर द्या.

दुसरी गोष्ट, अंदाजातलं तापमान. ते साधारण छातीच्या उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेलं असतं. गवताच्या पातळीवर दहिवराच्या रात्री ते ३-४ अंशांनी कमी असू शकतं. एक साधा थर्मामीटर रोपांच्या उंचीवर उघड्यावर ठेवा. माझ्या एका रात्रीची नोंद आहे: पडवीत ३ अंश, वाफ्यात उणे १. पडवीतला आकडा बघून झोपलो असतो तर वाफा गेला असता. आणि हो, सगळ्यात थंड वेळ मध्यरात्र नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते. पहाटे चारला सगळं ठीक दिसलं म्हणून पांघरूण काढू नये.

आता तयारी. ती अंधार पडल्यावर करायची नसते. आदल्या दिवशी सकाळी किंवा दुपारच्या आत जमिनीला चांगलं पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि खालची ऊब वरही जास्त चांगली आणून देते. चिखल करायचा नाही, वाफसा यावा इतकंच. पानं संध्याकाळपर्यंत कोरडी झालेली हवीत. पांघरूण ऊन उतरत असताना, माती अजून गरम आहे तेव्हाच घाला. रात्री नऊला कापड टाकणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं.

आच्छादनाबद्दल बरेच जण गोंधळतात, कारण दोन उलट सल्ले मिळतात आणि दोन्ही खरे असतात. जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर असेल तर मातीची ऊब आतच राहते. मुळांना हे बरं, पण वरच्या पानांना ती मिळत नाही. उलट अशा थराच्या वरची हवा उघड्या मातीच्या वरच्या हवेपेक्षा थंड असते. तेव्हा आधी ठरवा काय वाचवायचं आहे. टोमॅटो, मिरची, पपई, लहान लिंबू यांचा वरचा भाग हवा असेल तर दिवसा आळ्यातला पालापाचोळा बाजूला ओढा, माती उन्हाला उघडी करा आणि मग तंबू घाला. हळद, आलं, कर्दळ यांच्या वरच्या भागाची तशीही फिकीर नाही, कंद वाचले की झालं. त्यांच्यावर वीतभर पाला ओता आणि विसरून जा. मातीची भुसभुशीत खुरपणी मात्र त्या आठवड्यात टाळा. मोकळ्या मातीत हवा भरते आणि ऊब वर येणं मंदावतं.

तंबूच्या आत ऊब वाढवायची असेल तर पाणी हा स्वस्त उपाय आहे. २० लिटरचा भरलेला डबा १५ अंशांवरून शून्यापर्यंत थंड होताना जितकी उष्णता सोडतो ती दहा तास चालणाऱ्या ३५ वॅटच्या दिव्याइतकी भरते. असे दोन-तीन डबे दिवसा उन्हात ठेवून संध्याकाळी तंबूत सरकवले की काम झालं. वीज असेल तर जुना तारेचा, गरम होणारा बल्ब लावता येतो. एलईडी दिव्याची किंवा एलईडी माळेची ऊब नगण्य. बल्ब कापडापासून आणि पानांपासून लांब हवा, वायर बाहेर वापरायची हवी, जोड जमिनीवर ओल्यात नको. मेणबत्त्या आणि पणत्या कापडाखाली ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. झाडाच्या नादात घर पेटायचं.

पाणी फवारण्याचा प्रश्न. मोठ्या बागांमध्ये रात्रभर तुषार सिंचन चालवतात हे खरं आहे. पाणी गोठताना ग्रॅममागे साधारण ८० कॅलरी उष्णता सोडतं आणि ती पानाला शून्याच्या आसपास धरून ठेवते. वरचा बर्फ म्हणजे रजई, ही समजूत चुकीची आहे. काम करतं ते सतत गोठत राहणारं नवं पाणी. म्हणून फवारणी एकदा सुरू केली की सकाळी बर्फ वितळेपर्यंत क्षणभरही थांबवता येत नाही. आणि पाण्याचं बाष्प होताना गोठण्याच्या साडेसात पट उष्णता खर्च होते. वारा सुटला, हवा कोरडी असली किंवा पाणी मधेच बंद पडलं तर तुम्ही झाडाला वाचवण्याऐवजी स्वतः थंड करत असता. घरच्या नळीनं रात्री एकदा पानं भिजवून झोपायला जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय. शिवाय बर्फाच्या वजनानं फांद्या फाटतात ते वेगळंच. घरच्या बागेत पाणी मातीला द्या, पानांना नको.

धुराचं तर मला नेहमी आश्चर्य वाटतं, इतका तो सल्ला चिवट आहे. ओला पाला जाळून केलेला धूर ढगासारखा दिसतो, पण जमिनीची उष्णता ज्या स्वरूपात वर जाते तिला तो फारसा अडवत नाही. ढग अडवतात, धूर नाही. जो काही फायदा होतो तो आगीच्या उष्णतेचा. तीही मोठी एकच शेकोटी पेटवली तर सरळ वर निघून जाते आणि जाताना आजूबाजूची थंड हवा आत ओढते. शेजाऱ्यांना खोकला आणि झाडांना काहीच नाही, असा तो प्रकार.

'अँटीफ्रॉस्ट' म्हणून पानांवर फवारायची औषधं मिळतात. मी दोन-तीनदा वापरून पाहिली, अर्ध्या झाडाला मारून अर्धं तसंच ठेवून. फरक दिसला नाही. यामागचं विज्ञान मात्र रंजक आहे. शुद्ध पाणी शून्यावर लगेच गोठतंच असं नाही. पानावर बर्फाची सुरुवात करून देणारे जिवाणू असतात, स्यूडोमोनास सिरिंजी नावाचे, ते उणे २ च्या आसपासच बर्फ धरायला लावतात. ते नसतील तर नाजूक पानही आणखी दोन-तीन अंश तग धरू शकतं. १९८७ साली कॅलिफोर्नियात या जिवाणूचं बर्फ न धरणारं रूप मुद्दाम तयार करून स्ट्रॉबेरीवर फवारून पाहिलं होतं. ते बाजारात काही आलं नाही. तोपर्यंत आपली चादर बरी.

आता तुमची झाडं. पपईचं स्पष्ट सांगतो, उंच झाड असेल तर वाचवण्याच्या मागे लागू नका. पोकळ, पाणीदार खोड, एकच शेंडा. तो गोठला की कुज खाली उतरते. बिया धरून ठेवा, कमी कष्टात नवं झाड होतं. केळीचं उलट आहे. पानं शून्याला फाटक्या कागदासारखी होतात, पण कंद जमिनीत सुरक्षित असतो. खोडाभोवती पाल्याचा ढीग करा. वाळलेली पानं कापू नका, ती खाली लोंबू द्या, खोडाला तोच घागरा. थंडी संपल्यावर मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, हलकेच ओढून बघा. निसटून हातात आला आणि टोक कुजकं असेल तर ते खोड दाबून बघा, मऊ असेल तर कापा, मुनवे, म्हणजे कंदातून बाजूला फुटणारी रोपं, येतीलच. ताडवर्गातल्या शोभेच्या झाडांनाही हीच ओढून बघायची परीक्षा. त्यातल्या बऱ्याच जातींना मात्र मुनवे नसतात, एक कोंब गेला की झाड गेलं. म्हणून ताडाचं लहान झाड असेल तर पानं वर धरून सैल बांधा आणि मधल्या कोंबाभोवती कापड गुंडाळा. सुतळीबद्दल मी वर जे लिहिलं त्याला हा अपवाद, कारण इथं पानांचं नाही, एका कोंबाचं रक्षण करायचं आहे.

कुंडीतले कॅक्टस, अडेनियम, चाफा यांना पाणी देऊ नका. ओली मातीवगैरे सगळं बाकीच्यांसाठी. ही झाडं अंगातच पाणी धरून असतात, कोरडी असली तर थंडी सोसतात. ऑर्किड, तुळस, ज्यांना घरातली झाडं म्हणून आणलं ती सगळी शून्याची वाट बघत नाहीत, १० अंशांच्या आसपासच त्यांना त्रास सुरू होतो. पानांवर काळे डाग पडतात, कळ्या गळतात. ती आधीच आत घ्या. किती दिवस? रात्रीचा पारा पुन्हा १२-१३ अंशांवर टिकायला लागेपर्यंत. दिवसा थोडा वेळ बाहेर नेलीत तर एकदम कडक उन्हात नको.

बोगनवेल आणि जास्वंद जुनी असतील तर पानं गेली तरी बुंध्यातून फुटतात. बुंध्याशी माती-पाल्याचा ढीग केला की माझं समाधान होतं, पूर्ण झाकायच्या भानगडीत मी पडत नाही. हिरवळीवर मात्र पांढरं दहिवर असेपर्यंत चालू नका. गोठलेलं पातं पायाखाली मोडतं आणि दोन दिवसांनी तुमच्या पावलांचे तपकिरी ठसे बागभर उमटतात. मी एकदा पहाटे विजेरी घेऊन झाडं तपासायला निघालो आणि माझी अख्खी गस्त नंतर महिनाभर गवतावर छापलेली होती.

छाटणीबद्दल: थांबा. हे सगळ्यात अवघड असतं, कारण करपलेली बाग डोळ्यांना खुपते. पण एक म्हणजे वरचा मेलेला पाला पुढच्या थंडीत खालच्या जिवंत फांदीचं पांघरूण असतो. दुसरं, छाटलं की कोवळी फूट येते आणि पुढचा कडाका तिलाच आधी खातो. माझी एक बोगनवेल मी अशी दोनदा मारली. तिसरं, कुठपर्यंत मेलं आहे ते लगेच कळत नाही. नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेलेलं. तरीही कापू नका. नवी फूट दिसू द्या, मग तिच्या जरा वर कापा. अपवाद फक्त लिबलिबीत झालेल्या, कुजून वास येणाऱ्या भागांचा. ते लगेच काढा. पानं गेलेल्या झाडाला पाणीही कमी लागतं, दया म्हणून जास्त घालू नका. खत तर नवी पानं पूर्ण मोठी झाल्याशिवाय नकोच. तसंच थंडीच्या आधीचे दोन महिने नत्राचं खत बंद ठेवावं, म्हणजे कोवळी फूट घेऊन झाड थंडीत शिरत नाही.

शेवटी तुमचं लिंबू. लिंबूवर्गात कागदी लिंबू सगळ्यात नाजूक झाडांपैकी एक, संत्र्याच्या जाती त्यामानानं काटक. तुम्ही लिहिलंय की पानं वाळली, पण ती गळाली की फांदीवरच चिकटून राहिली, हे लिहिलं नाही. त्यावर बरंच अवलंबून असतं. पानं वाळून गळून पडली असतील तर फांदी जिवंत आहे, तिच्यातच पान सोडून द्यायची ताकद होती. वाळकी पानं तशीच चिकटून असतील तर ती फांदी बहुधा मेली. उघडी पडलेली खोडं पुढे उन्हानं भाजतात, त्यांना पातळ चुना लावा. यंदासाठी, झाड कलमी आणि लहान असेल तर आत्ताच खोडाला स्वच्छ मातीची भर लावा, कलमाच्या जोडाच्या वर चांगली वीतभर जाईल इतकी. थंडी संपली की ती भर काढा, नाहीतर साल कुजते. वरचं सगळं गेलं तरी मातीतला जोड वाचतो आणि त्याच्या वरून फुटलेला फुटवा तुमच्याच लिंबाचा असतो. जोडाच्या खालून काटेरी, वेगळ्याच पानांचं काही जोमात यायला लागलं तर ते खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्याचं, झाड आहे. ते दिसल्या दिवशी मुळाशी काढून टाका.